वस्ताद आणि सल्लागार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी मॅट्रिक झालेला, बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरच्या आणि घाटाखालच्या खेड्यांतून प्राथमिक शाळा चालविण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. आपल्या समाजात आज इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, मोठ्या कंपन्यांत शेकडो माणसांवर अधिकार चालविणारे तरुण आहेत. अशा सभेपुढे मजसारख्याने काय बोलावे, असा संकोच मला वाटला. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यामुळे एका नव्या विषयाचा शोध घेणे मला भाग पडले. तो शोध घेता घेता माझीच एक जुनी चूक माझ्यापुढे येऊन उभी राहिली. त्या दोन्ही गोष्टी आपणांपुढे ठेवाव्यात, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

प्रसंग असा. माझा भाचा पुण्यास एका कंपनीत नोकरीस आहे. त्याला बढती मिळाली आणि चाळीस माणसांचा तो प्रमुख झाला. घरी पेढे वाटले गेले. पुढे दोन महिन्यांनी कंपनीने त्याला कळविले की, तुमच्यासाठी सहा महिन्यांकरिता एका एक्झिक्युटिव्ह कोचची योजना केली आहे. ही वार्ता ऐकून माझ्या बहिणीच्या तोंडचे पाणी पळाले. ती मला म्हणाली, “दादा, पोराले शिकवणी लावली म्हन्ते कंपनीनं. नोकरी तर जात नाही न त्याची?” कच्च्या विद्यार्थ्याला शिकवणी लावतात, हेच तिला ठाऊक. मलाही त्याहून अधिक काही ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. सुट्टीत भाचा आला तेव्हा मी त्याला बसवून घेतले आणि विचारले, “बाबा, हा गृहस्थ तुला शिकवतो तरी काय?” तो म्हणाला, “मामा, तो काहीच शिकवत नाही. तो विचारतो.” या उत्तराने माझे समाधान झाले नाही. म्हणून मी वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. जे समजले ते सांगतो.

प्रथम शब्दाचाच विचार करू. कोच हा शब्द आपणांस अपरिचित नाही. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवर आपण गाडीची वाट पाहत उभे असतो, तेव्हा आपला कोच कोणता, हेच एकमेकांना विचारत असतो. मुलगा दहावीच्या पुढे गेला की आपण त्याला कोचिंग क्लासला घालतो. मैदानावर क्रिकेटचा कोच असतो. ही सर्व एकाच शब्दाची लेकरे आहेत. हंगेरी देशात कोच नावाचे एक खेडे आहे. तेथे पंधराव्या शतकाच्या सुमारास एक चांगली, हलकी प्रवासी गाडी तयार होऊ लागली. ती युरोपभर पसरली आणि गावाचे नाव गाडीला चिकटले. पुढे १८३० च्या सुमारास इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीरी नेऊन पोहोचविणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने हेच नाव दिले. त्यानंतर ते नाव खेळाच्या मैदानावर गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कचेरीत शिरले. या कुळकथेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रवास कोठे करावयाचा हे गाडी ठरवीत नाही. ते बसणारा ठरवितो.

आता दुसरा शब्द, कन्सल्टंट, म्हणजे सल्लागार. हा धंदा त्या मानाने जुना आहे. अमेरिकेत बोस्टन येथे आर्थर डी. लिटल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये कारखानदारांना सल्ला देण्याची पेढी काढली. पुढे १९२६ मध्ये शिकागो विद्यापीठातील हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी आपली पेढी स्थापन केली. तिच्या शाखा आज जगभर आहेत. सल्लागाराची रीत ठरलेली असते. तो कारखान्यात येतो, वह्या तपासतो, माणसांना प्रश्न विचारतो, आकडे मांडतो, इतर ठिकाणी काय चालते त्याच्याशी तुलना करतो, आणि अखेरीस एक अहवाल देतो. दोष कोठे आहे आणि उपाय कोणता, हे त्या अहवालात लिहिलेले असते. प्रश्न आपला, उत्तर त्याचे, असा हा व्यवहार होय. ज्ञान विकत घ्यावयाचे आणि त्याचे मोल द्यावयाचे.

आपल्या शेतकरी बंधूंना हे सहज उमजेल. आपण शेतातील मातीचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत देतो. तेथून पत्रिका येते. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, आणि सोयाबीनला कोणते खत किती घालावे, हे तीत असते. प्रयोगशाळेने आपणांस, “तुम्हाला स्वतःला काय वाटते?” असे विचारले, तर आपण तिला हसू. कारण येथे आपणांस ठाऊक नसलेली गोष्ट तिला ठाऊक आहे. म्हणून सल्लागाराला मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. जेथे माहितीची उणीव आहे, तेथे सल्लागारच पाहिजे.

परंतु कित्येक वेळा माहितीची उणीव नसते. पत्रिकेत लिहिलेले खत आणून कोठीत ठेवलेले असते आणि ते शेतात पडतच नाही. का पडत नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही. ते शेतकऱ्याच्या घरात, त्याच्या मनात, त्याच्या सवयीत आहे. तेथे दुसऱ्या प्रकारचा मनुष्य लागतो, आणि त्याला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे: वस्ताद. तालमीत हौदाच्या काठावर वस्ताद उभा असतो. तो डाव शिकवितो हे खरे. पण खरी कुस्ती लागली म्हणजे तो आखाड्यात उतरत नाही. पट्ठ्याचा पाय कोठे पडतो, दम कोठे तुटतो, प्रतिस्पर्ध्याने मान धरली की त्याची नजर कोठे जाते, हे तो पाहत असतो. लढणाऱ्याला स्वतःची पाठ दिसत नाही. ती वस्तादाला दिसते.

ही वस्तादाची विद्या कचेरीत कशी गेली, त्याचीही हकीकत आहे. अमेरिकेतील टिमथी गॅलवे नावाचे टेनिसचे शिक्षक होते. त्यांच्या ध्यानात आले की, “मनगट असे ठेवा, खांदा तसा ठेवा” अशा सूचनांनी शिकणारा गोंधळतो. पण चेंडू जमिनीवर नेमका कधी टेकतो आणि बॅटवर कधी येतो, एवढेच पाहावयास सांगितले, तर त्याचे अंग आपोआप वळणावर येते. १९७४ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिले. ते खेळाडूंनी वाचलेच, पण व्यापारी आणि अधिकारी यांनीही वाचले. पुढे जॉन व्हिटमोर या मोटारशर्यतीत नाव मिळविलेल्या इंग्रज गृहस्थांनी १९९२ मध्ये आपल्या ग्रंथात या संवादाची चार पावले मांडून ती लोकप्रिय केली. तुम्हाला काय साधावयाचे आहे? आज वस्तुस्थिती काय आहे? कोणकोणते मार्ग मोकळे आहेत? आणि त्यांपैकी तुम्ही निश्चितपणे काय करणार, कधी करणार? चारही पावले प्रश्नार्थक आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेलच. १९९५ मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची एक संघटना निघाली. ती आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या नावाने ओळखली जाते. तिची प्रमाणपत्रे तीन पायऱ्यांची आहेत आणि त्यांसाठी अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २५०० तास प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते? माझ्या भाच्याने सांगितले ते असे. दर पंधरवड्यास एक भेट, सुमारे एक तासाची. आरंभी कंपनीचा वरिष्ठ अधिकारी, भाचा आणि कोच असे तिघे बसून सहा महिन्यांत काय साधावयाचे ते ठरवितात. त्यानंतर भेटीतील बोलणे दोघांतच राहते. पैसे कंपनी देते, परंतु बोललेला शब्द कंपनीकडे जात नाही. भाच्याच्या हाताखालील माणसे, बरोबरीचे आणि वरचे अशा सर्वांना त्याच्याविषयी विचारून त्याचा गोषवारा त्याला दाखविण्यात आला. त्यात बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली होती: हा आमचे वाक्य पुरे होऊ देत नाही. चाळीस वर्षांचा हा मुलगा. हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते. मी मनात म्हटले, सांगणार कोण? मामाचीच खोड त्याने उचलली आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की, असा मनुष्य कच्च्या अधिकाऱ्यासच लागत असेल. तसे नाही. गूगल कंपनीचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांना त्यांच्या एका संचालकाने कोच घेण्यास सुचविले, तेव्हा त्यांनाही प्रथम ते रुचले नव्हते. पुढे, आपणांस मिळालेला सर्वांत चांगला सल्ला तोच, असे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांचे कोच बिल कॅम्पबेल हे मूळचे कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. २०१६ मध्ये ते निवर्तले. परंतु अमेरिकेतील धनिकांचे उदाहरण आपणांस दूरचे वाटेल. म्हणून मी आपल्या वऱ्हाडशी नाते असलेल्या माणसाचे उदाहरण देतो.

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात उटी नावाचे गाव आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबातील आत्माराम गावंडे हे डॉक्टर होऊन अमेरिकेस गेले. आपल्या आईच्या स्मरणार्थ त्यांनी उमरखेड येथे महाविद्यालयास हातभार लावला. गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय हे ते होय. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे हे बोस्टन येथील नामांकित शस्त्रवैद्य आणि लेखक. या एकाच माणसाच्या हातून सल्लागाराचे आणि वस्तादाचे, दोन्ही मार्ग तपासले गेले. म्हणूनच ते उदाहरण मला मोलाचे वाटते.

पहिला मार्ग सल्ल्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामात डॉ. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर पडताळण्याच्या १९ गोष्टींची एक यादी २००८ मध्ये तयार झाली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा तीच ना, रक्ताची तजवीज आहे ना, अशा साध्या गोष्टी. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. त्यांत आपली दिल्लीही होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले. सल्ला चांगला असेल आणि तो पाळला गेला, तर काय होऊ शकते, याचे हे उत्तम प्रमाण आहे. ही यादी सर्वांना एकच.

दुसरा मार्ग वस्तादाचा. डॉ. गावंडे यांनी २०११ मध्ये एका लेखात आपली स्वतःची स्थिती प्रांजळपणे सांगितली आहे. आठ वर्षे स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, आपले कौशल्य वाढावयाचे थांबले आहे. पुस्तके होती, परिषदा होत्या. पण प्रगती नव्हती. तेव्हा त्यांनी आपले जुने गुरू, निवृत्त शस्त्रवैद्य डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना विनंती केली की, आपण माझ्या शस्त्रक्रियागृहात येऊन नुसते उभे राहा. ऑस्टीन आले, हाती वही घेऊन बाजूस उभे राहिले. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. गावंडे यांना वाटले, आता सांगण्यासारखे काही नसेल. परंतु वहीत पुष्कळ होते. रुग्णावरील कापड अशा रीतीने लावले होते की, गावंडे यांना मोकळीक होती, पण समोरच्या साहाय्यकाचा हात अडत होता. मधूनमधून गावंडे यांचे कोपर खांद्यापर्यंत वर जात होते आणि त्याने हाताचा अचूकपणा कमी होत होता. आणि वरच्या दिव्याचा झोत जखमेवरून कधीच सरकला होता. जवळजवळ अर्धा तास ते परावर्तित उजेडात काम करीत होते आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती.

बंधूंनो, हा दिवा मला रात्रंदिवस आठवतो. जगाला १९ गोष्टींची यादी देणारा कुशल शस्त्रवैद्य, आणि त्याच्याच डोक्यावरील दिवा सरकलेला. तो कोणत्याही यादीत सापडला नसता. तो दिसावयास बाजूला उभा असलेला दुसरा मनुष्यच हवा होता. पुढे असेच निरीक्षण चालू राहिल्यावर आपल्या रुग्णांतील गुंतागुंतीचे प्रमाण आणखी उतरले, असे डॉ. गावंडे यांनी सांगितले आहे.

त्याच लेखात शिक्षकांसंबंधीही एक माहिती आहे, आणि ती वाचून मला स्वतःच्या नोकरीची सारी वर्षे आठवली. कॅलिफोर्नियात १९८० नंतरच्या वर्षांत शिक्षकांच्या प्रशिक्षणाची पाहणी झाली. नुसत्या वर्गांत शिकविलेल्या नव्या रीती शिक्षकांनी आपल्या शाळेत शेकडा १० इतक्याच वापरल्या. प्रात्यक्षिके आणि सराव जोडूनही तो आकडा २० च्या आतच राहिला. परंतु एखादा सहकारी वर्गात येऊन बसला, पाहिले आणि नंतर बोलला, तेव्हा तो ९० च्या वर गेला. मी किती प्रशिक्षणांना बसलो आणि किती फायली घेऊन परत आलो, याचा हिशेब येथे न मांडणेच बरे.

परंतु माझ्याही वाट्याला एकदा वस्ताद आला होता. घाटाखालच्या एका गावी मी मुख्याध्यापक होतो. शिक्षक थोडे आणि इयत्ता अधिक, अशी शाळेची अडचण होती. एका अनुभवी अधिकाऱ्याने येऊन दोन इयत्ता एकत्र कशा बसवाव्यात याचे वेळापत्रकच मला लिहून दिले. तो सल्ला होता आणि तो रामबाण ठरला. मी त्यांचा आजही ऋणी आहे. पण दुसरी अडचण त्याने सुटली नाही. मासिक सभेत मी जे ठरवीत असे, ते कोणी करीत नसे. सारे माना डोलवीत आणि वर्गात जाऊन पूर्वीप्रमाणेच वागत. मी शिक्षकांना दोष देई. गावात एक वयोवृद्ध निवृत्त मुख्याध्यापक राहत. शाळेत वर्तमानपत्र वाचावयास येत. एके दिवशी त्यांना मी सभेत बसण्याची विनंती केली. ते कोपऱ्यात बसले, मनगटावरील घड्याळ पाहत राहिले. सभा संपल्यावर मला वाटले, ते चार उपाय सांगतील. ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, सभा पन्नास मिनिटं चालली. तुम्ही एक्केचाळीस मिनिटं बोललात.” आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, “त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही, की जागा नाही?” त्या रात्री मला झोप आली नाही. पुढील सभेत मी प्रथम सर्वांना बोलू दिले. पुढे काय करावे, हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही आणि मलाही ते विचारावे लागले नाही.

आता दोहोंतील भेद थोडक्यात सांगतो. सल्लागार विषय जाणतो. कोच माणूस पाहतो. सल्लागाराचे काम अहवाल दिल्यावर संपते. कोचचे काम माणसाची वागणूक पालटली तरच झाले म्हणावयाचे. सल्लागाराला तुमच्या धंद्याचे ज्ञान असलेच पाहिजे. कोचला ते असल्यास बरे, परंतु त्याचे खरे भांडवल म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, पाहिलेले निर्भीडपणे सांगणे आणि गुप्तता राखणे. निर्णय चुकला तर सल्लागाराला दोष देता येतो; कोचच्या बाबतीत ती सोय नाही, कारण निर्णय आपलाच असतो. वडीलधारा मनुष्य स्वतःच्या अनुभवाच्या गोष्टी सांगून वाट दाखवितो, तो आणखी निराळा. त्याचाही उपयोग आहे, पण तो कोच नव्हे.

याबरोबर दोन इशारेही दिले पाहिजेत. एक असा की, कोच म्हणजे सर्व रोगांवर मात्रा नव्हे. डॉ. गावंडे यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील १२० प्रसूतिकेंद्रांत एक मोठा प्रयोग केला. निम्म्या केंद्रांत परिचारिकांच्या सोबतीस कोच दिले. त्यांचे काम निश्चितपणे सुधारले. हात धुणे, तापमान पाहणे या गोष्टी पुष्कळ अधिक होऊ लागल्या. परंतु २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा माता आणि बालके यांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यावरून मी एवढाच बोध घेतो की, माणसाची वागणूक सुधारणे ही एक गोष्ट आहे आणि अंतिम फळ पदरात पडणे ही दुसरी. त्याचप्रमाणे ज्याचे मन आजारी आहे, त्याला कोचकडे नव्हे, डॉक्टरकडेच नेले पाहिजे. दुसरा इशारा असा की, आपल्या देशात वकील किंवा वैद्य यांना सनद लागते, तशी कोचला कायद्याने लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून शिक्षण कोठे झाले, किती काम केले, गुप्ततेचा करार आहे किंवा नाही, हे विचारल्याविना पैसे देऊ नयेत.

आता माझ्या चुकीकडे येतो. बरीच वर्षे झाली. आपल्याच समाजातील एक तरुण दुकानदार एका संध्याकाळी माझ्याकडे आला. गाव सांगत नाही. म्हणाला, “गुरुजी, भावासंगं दुकान चालत नाही. काय करू?” त्याचे वाक्य संपते न संपते तोच मी कागद घेतला. मालाची यादी करा, उधारीची वही पुरी करा, दोन पंच नेमा, जागा एकाला आणि रोकड दुसऱ्याला, असे सारे मी दहा मिनिटांत मांडून दिले. हिशेबाला धरून होते, कायद्यालाही धरून होते. त्याने तो कागद खिशात घातला आणि त्याबरहुकूम वाटणी केली. मला अभिमान वाटला. पुढे काही वर्षांनी एका लग्नात तो भेटला. दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले होते. तो माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी मले वाटणी नव्हती पाहिजे. भावाशी बोलायचं कसं, एवढंच विचारायला मी आलो होतो.”

मी काय उत्तर देणार? माझा सल्ला बरोबर होता. प्रश्नच तो नव्हता. एक प्रश्न विचारला असता, “तुला काय हवे आहे?” एवढाच, तर कदाचित एक दुकान, एक चूल आणि एक आई दुभंगली नसती. ते माझ्या हाती होते असे मी म्हणत नाही. पण विचारणे माझ्या हाती होते आणि ते मी केले नाही. एका विद्वान शस्त्रवैद्याच्या दिव्याची गोष्ट मला इतकी का लागली, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

आपल्या मंडळाने या वर्षी तरुणांसाठी मार्गदर्शन समिती नेमण्याचे योजिले आहे. त्याविषयी माझी नम्र सूचना आहे की, समितीच्या दोन याद्या कराव्यात. पहिली यादी सल्लागारांची. कायदा, बँकेचे कर्ज, शेती, शिष्यवृत्ती, प्रवेश यांतील जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. ज्याला माहिती पाहिजे त्याला ती त्यांनी स्पष्ट आणि वेळेवर द्यावी. दुसरी यादी लहान असावी, पाच-सहा जणांची. नव्याने अधिकारपदावर चढलेला, नव्याने दुकान उघडलेला, किंवा संस्थेचा भार अंगावर पडलेला तरुण त्यांच्यापाशी दर महिन्यास तासभर बसेल. त्यांनी तीन नियम पाळावेत. पहिल्या भेटीत सल्ला द्यावयाचा नाही. ऐकलेले घरी, पारावर किंवा लग्नाच्या मांडवात बोलावयाचे नाही. आपल्या समाजात हा नियम सर्वांत कठीण आहे, हे मी जाणतो. आणि ज्याचे त्या तरुणाशी देणेघेणे किंवा सोयरिकीचे बोलणे चालू आहे, त्याने त्याच्यापुढे बसावयाचे नाही.

कार्यकारिणी कदाचित माझे नाव पहिल्या यादीत घालील, कारण सल्ला देण्याबद्दल माझी ख्याती आहे. कृपा करून तसे करू नये. दुसऱ्या यादीत उमेदवार म्हणून मला घ्यावे. या वयात मला ऐकावयास शिकावयाचे आहे, आणि त्यासाठी मनगटावर घड्याळ लावून माझ्या कोपऱ्यात बसणारा कोणी तरुण मिळाला, तर तोही मला हवा आहे.

जाता जाता माझ्या बहिणीचे सांगतो. भाच्याचे सहा महिने पुरे झाले. नोकरी गेली नाही, हे सांगणे न लगे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा आई बोलत असता तो मध्ये बोलला नाही. तिची गोष्ट संपेपर्यंत बसून राहिला. नंतर ती स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “दादा, पोरगं बरं हाय न?”

 घड्याळ माझ्याही हाती आहे आणि माझी मिनिटे केव्हाच संपली आहेत.